सेवकरामभाऊंची सूचनावही

कॉलेजात इंग्रजी मी शिकवते. पण कर्मणी प्रयोगातली ‘पुट ऑफ’सारखी जोडशब्दांची क्रियापदं आमच्या पोरांच्या डोक्यात शिरली असतील, तर ती शिपाई सेवकराम कापगते यांच्यामुळे. हे कबूल करायला मला चौदा वर्षं लागली, कारण मी जरा अकडूच आहे.

लाखनीच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं कनिष्ठ महाविद्यालय. सेवकरामभाऊ सातवी शिकलेले. घंटा वाजवायची, पोरांच्या सायकली रांगेत लावायच्या आणि सूचनावही वर्गावर्गात फिरवायची, ही एकोणतीस वर्षांची नोकरी. वहीतली सूचना शिक्षकाने मोठ्याने वाचायची आणि खाली सही करायची, असा रिवाज. सही होईपर्यंत भाऊ दारातून हलत नसत. एकदा मी घाईत न वाचताच सही केली, तर तसेच उभे राहिले. शेवटी वाचावी लागली.

सूचना इंग्रजीत असत. भाऊ त्यांचा अर्थ पोरांच्या तोंडाकडे बघून शिकले. ‘द टेस्ट हॅज बीन पुट ऑफ’ म्हटलं की पोरं हसायची, पण अर्धवटच. ‘द मॅच हॅज बीन कॉल्ड ऑफ’ म्हटलं की कबड्डीवाल्यांचे चेहरे पडायचे. म्हणजे पुट ऑफ झालेली गोष्ट पुन्हा येते आणि कॉल्ड ऑफ झालेली येत नाही, हे त्यांनी कुठलंही गाईड न उघडता ओळखलं. मग ते घरीदारीही बोलू लागले. वीज गेली की ‘इज कट ऑफ’, सायकलची चेन झिजली की ‘वॉज वॉर्न आऊट’. बेबीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, वांग्याची भाजी सलग तिसऱ्या दिवशी वाढली, की जेवण पुट ऑफ करण्याची धमकी. बेबीबाई म्हणायच्या, मग कॉल्ड ऑफच करा. एक शब्द मात्र त्यांना आवडायचा नाही, ‘लेफ्ट आऊट’. संघाची यादी वाचली जायची तेव्हा ज्याचं नाव नाही ते पोरगं मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं, ते त्यांनी बरेचदा पाहिलं होतं.

गेल्या जूनमध्ये प्राचार्यांनी वही बंद केली. सूचना मोबाईलच्या ग्रुपवर यायला लागल्या. भाऊंनी अर्धी कोरी राहिलेली वही गेटजवळच्या कपाटात ठेवून दिली.

नोव्हेंबरात बारावीच्या परीक्षेचे फॉर्म आले. ग्रुपवर सूचना पडली, की फॉर्म सही करून गुरुवारी चार वाजेपर्यंत ऑफिसात ‘हँडेड इन’ झाले पाहिजेत, न आलेली नावं ‘विल बी लेफ्ट आऊट’. गुरुवारी दुपारी भाऊ माझ्याकडे आले.

“म्याडम, बारावीतल्या रीनाचा फॉर्म आला का जी? सा दिवसांपासून तिची सायकल नाई स्टँडवर.”

मी हजेरी उघडली. सहा दिवस गैरहजर. ते सहाही शेरे माझ्याच हातचे होते, आणि एकदाही मला विचारावंसं वाटलं नव्हतं. मला लाज वाटली. धानकापणीचे दिवस, म्हणजे पोरगी शेतात असणार. घरातला एकुलता एक फोन तिचा भाऊ निकेश नागपूरला कामाला घेऊन गेलेला. ग्रुपवरची सूचना तिला कळणार कुठून?

भाऊंनी कपाटातून वही काढली आणि माझ्या मोबाईलवरची सूचना तीत उतरवून मागितली. मी म्हटलं, नुसता कोरा फॉर्म न्या, उशीर होईल. ते म्हणाले, “वाचली नाई त सूचना लागू होत नाई, म्याडम.” मी निमूट लिहून दिली. पावणेतीनला शेवटच्या तासाची घंटा देऊन ते सायकलवर निघाले. गाव सात किलोमीटर.

पुढचं मला रीनानेच नंतर सांगितलं. ती धानाच्या बांधीत विळा घेऊन वाकलेली, वडील डोमाभाऊ भारे बांधत होते. सेवकरामभाऊ धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहिले, वर्गाच्या दारात राहत तसेच, आणि आख्खी सूचना आधी इंग्रजीत, मग आपल्या बोलीत वाचली. डोमाभाऊंनी हातातला भारा खाली ठेवला. रीनाने गुडघ्यावर फॉर्म भरला, सही केली आणि मग वहीतही सही केली, कारण सहीशिवाय भाऊ हलेनात.

इकडे चार वाजले, पण घंटा द्यायला माणूसच नव्हता. आमचं सगळं कॉलेज त्या घंटेवर चालतं. वर्गात पोरं चुळबुळ करू लागली, म्याडम, चार वाजले. मी म्हटलं, घंटा झाली नाही, आणि फळ्यावर आणखी दोन वाक्यं लिहिली. ऑफिसात क्लार्क चंद्रकुमार फॉर्मचा गठ्ठा बांधून घंटेची वाट बघत बसलेले. घंटेला गठ्ठा प्राचार्यांकडे द्यायचा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

चार वाजून बावीस मिनिटांनी भाऊ आले. शर्ट घामाने चिकटलेला. त्यांनी रीनाचा फॉर्म चंद्रकुमारांच्या टेबलावर ठेवला, बाहेर गेले आणि चारची घंटा दिली. चंद्रकुमारांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं. मग गठ्ठ्याची दोरी सोडली, फॉर्म आत घातला आणि पुन्हा बांधली.

सोमवारी रीना वर्गात आली. रोजच्या जगण्यातली पाच कर्मणी वाक्यं लिहायला मी सांगितलं. तिची चार गाईडमधून उतरवलेली होती, त्यातल्या एकात लंडनमधली कुठली तरी मीटिंगही होती. पाचवं तिचं स्वतःचं होतं. ‘आय वॉज लुक्ड फॉर.’ म्हणजे, मला शोधलं गेलं.

एरवी मी शेजारी लाल शाईने लिहिते, कोणाकडून? या वेळी लिहिलं नाही. तिची वही घेऊन गेटवर गेले आणि भाऊंना ते वाक्य वाचून दाखवलं. अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर ते थांबा म्हणाले. दूर स्टँडवरून सायकल काढत असलेल्या रीनाच्या तोंडाकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं.

“समजलं,” ते म्हणाले.

मग त्यांनी कपाटातून सूचनावही काढली, रीनाच्या सहीखालची कोरी जागा माझ्यापुढे धरली आणि ते वाक्य तिथे उतरवायला लावलं. मी उतरवलं, वही मिटली आणि परत देऊ लागले. त्यांनी हात पुढे केला नाही.

“सही, म्याडम. वाचून झालं न.”

मी वही उघडली आणि सही केली.