नवीन काही नाही

अंगठ्याने मोबाइलचा पडदा खाली ओढायचा, सोडायचा, क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "नवीन काही नाही." नंदुरबारच्या आमच्या वार्ताहर कचेरीखाली चहाची टपरी आहे. तिथल्या बाकावर कधी बसला असाल, तर हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल.

ते म्हणणारी मुलगी धडगावकडची, डोंगरातली. बारावी झाल्यावर नर्सिंगच्या प्रवेशासाठी इथे खोली घेऊन राहिली होती. तिच्या मोबाइलमध्ये फीडचं अ‍ॅप होतं. सरकारी संकेतस्थळावर सूचना लागली, की ती आपोआप तिच्या यादीत येऊन पडे. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, सगळं एका जागी. माझ्या मोबाइलमध्येही ते तिनेच घालून दिलं. "सर, बातमीवाले तुम्ही, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या भरवशावर बसता?"

टपरीवाल्या मावशींच्या मुलीनेही त्याच प्रवेशासाठी अर्ज केला होता. मावशी गाळणी झटकत रोज विचारत, "काय वं पोरी, काही उनं का?"

"नवीन काही नाही, मावशी."

एकदा परीक्षा पुढे गेल्याचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. मुली पिशव्या भरून गावी निघाल्या. हिने त्यांना एसटी स्टँडवरून परत आणलं. "मूळ जागेवरून आलेलं नाही, म्हणजे खोटं." परीक्षा ठरल्या दिवशीच झाली. तेव्हापासून तिचा शब्द शेवटचा.

मग प्रवेशाचं काम बघणाऱ्या विभागाने संकेतस्थळ नवं केलं. जुनं फीड बंद पडलं. तसं कुठे कळवलेलं नव्हतं. बंद पडलेलं फीड आणि सूचनाच नसलेलं फीड, पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात.

मावशींच्या मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर निवडयादीचा फोटो आला. दोघींची नावं होती.

"हजर व्हायला सांगितलंय. चल ना, जाऊ."

हिने पडदा खाली ओढला. पुन्हा एकदा ओढला. "माझ्याकडे काही नाही. उगाच हेलपाटा पडेल तुला."

यादी खरी होती. ते कळलं तेव्हा मुदत संपलेली होती आणि दोन्ही जागा पुढच्या नावांना गेल्या होत्या.

मी विभागात फोन लावला. "फीड? ते कोण बघतं हो आता?" पलीकडून उत्तर आलं. बातमी आतल्या पानावर, चार ओळींत लागली.

दुसऱ्या दिवशी ती टपरीवर आली. मावशींनी ग्लास पुढे केला.

"मावशी, मला वाटलं..."

"चहा पी. थंडा व्हई जाई."

ग्लास तसाच ठेवून ती निघाली. त्याच आठवड्यात आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली. तिचा नंबर आता लागत नाही.

मावशींची मुलगी टपरीवर ग्लास विसळते. परवा मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, त्या पोरीनी काही खबर उनी का?"

मोबाइल हातातच होता. सवयीने अंगठ्याने पडदा खाली ओढला गेला.

"नवीन काही नाही," मी म्हणालो.