दत्तूकाका आणि कॅनडातलं मेलेलं झाड

नोव्हेंबरातला रविवार, संध्याकाळ. वरंध गावी घरच्या ओटीवर हजर: दत्तूकाका, काकी, मी त्यांची पुतणी, आणि मोबाइलमध्ये कॅनडाहून त्यांचा मुलगा महेश. विषय एकच होता, काका-काकींच्या पासपोर्टची कागदपत्रं. त्याला हातही लागला नाही, कारण महेशच्या मागच्या खिडकीत काकांना एक झाड दिसलं.

झाड दिसलं की काकांना दुसरं काही सुचत नाही. महाडला माझ्याकडे आले तरी चहाआधी गल्लीतली झाडं तपासतात. "ह्यो वाकलाय. ह्यो पोखरलाय. तोडा." एकदा ऐनाचं वाळलेलं झाड आज तोडू, उद्या तोडू म्हणता म्हणता पावसात त्यांच्या गोठ्यावर कोसळलं. म्हशी गेल्या. तेव्हापासून एकच पाठ: "उभं मेलेलं झाड झोपलेल्यावर पडतं गो."

महेशच्या त्या झाडाची सुईसारखी पानं पिवळी पडून गळत होती.

"सुरूचं झाड मेलंय तुझं. तोड."

"बाबा, सुरू नाही हा. इथलं वेगळं झाड आहे."

"साग झडतो, सावर झडते. सुईच्या पानाचं झाड झडलेलं बघितलंस कधी? चिऊ त्याच बाजूला झोपते ना रे?"

चिऊ ही महेशची धाकटी. काकांचा जीव तिच्यात अडकलेला.

शेवटी काम मी हातात घेतलं. महेशकडून फांदीचे जवळून फोटो मागवले. सुया झुबक्यांनी, फांदीवरच्या बारीक गाठींतून फुटलेल्या. फळं लहान, लाकडी, उभी. महेशने नखाने साल खरवडली तर आत हिरवंगार. झाड लार्च निघालं. थंड मुलखातलं, दर हिवाळ्यात उघडं होणारं आणि वसंतात पुन्हा फुटणारं. मी फोटो मोठे करकरून काकांना समजावलं.

"फोटोत मेलेला माणूसपण हसतो," काका म्हणाले आणि जेवायचं ताट सरकवलं.

असं पंधरवडाभर चाललं. मग काकी फोनवर कडाडली, "तोडलं म्हणून सांग रे बाबा! हितं माझं डोकं खातायत." महेशने सांगून टाकलं. काका दोन भाकऱ्या जास्त जेवले आणि कॅनडातली नात कशी वाचवली ते गावभर सांगत फिरले. महेश तेव्हापासून स्वयंपाकघरातूनच फोन करतो.

मे महिन्यात त्याने मला गुपचूप फोटो पाठवला: झाड कोवळं हिरवं आणि खाली चिऊ. त्याच आठवड्यात काका-काकींचा व्हिसा आला.

"विमानात कोयता नेऊ देतात काय गो? बुंधा राहिला असंल."

काकी माझ्याकडे बघते. महेश म्हणतो, "ताई, तूच सांग, तुझं ऐकतात." माझं! मी ते फोटो दाखवले तेव्हा कुठे गेलं होतं ते ऐकणं?

विमानतळावर तिकिटं, औषधं, गोडा मसाला, सगळं तपासून झालं. आता सांगायचंच म्हणून मी काकांना बाजूला घेतलं. त्यांनीच माझा हात धरला. डोळे भरले होते. "म्हशींच्या वेळी उशीर केला मी. पोरीच्या वेळी नाय केला."

मी म्हटलं, "काका, मफलर हातात ठेवा, तिथे थंडी असते."

ते आत गेले. विमान सुटलंय. झाडाचं सांगायचं अजून बाकी आहे, आणि ते काम सगळ्यांनी माझ्याच नावावर टाकलंय.