चेनचा खडखडाट

आमच्याकडे भात घरापुरताच. धाम नदीच्या अंगाला वांगी-टमाटर, वरच्या बाजूला कापूस, आणि पाणी साचतं त्या खोलगट तुकड्यात भाताची एक बांधी. आईची कंबर गेल्यापासून डॉक्टरांनी तिला वाकायला मनाई केली होती. तरी ती वाकून भाताची रोपं लावायला, रोवणीला जाणारच, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी हातानं ओढायचं रोवणीयंत्र बनवायला घेतलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. ते जमेल की नाही, याची मलाच खात्री नव्हती.

भंगारातली सायकलची चेन, खाली लाकडी पाट, वर रोपांसाठी पत्र्याचा ट्रे. उभ्यानं दांडा दाबत मागे मागे सरकायचं, की रोपं चिखलात बसत जातात.

रोवणीच्या पहिल्या दिवशी आईनं पदर खोचून दांडा धरला. रोपं ताठ उभी राहिली तेव्हा मला भरून आलं. पण थोडं ओढून ती थांबली. पुन्हा ओढलं, पुन्हा थांबली. मला वाटलं, चेन अडकतेय. मी तेल सोडलं, नट सैल केले. तरी तेच. कंबर दुखते का विचारलं, तर नाही म्हणाली.

मग लक्षात आलं, थांबली की ती मान शेजारच्या बांधीकडे वळवते. तिथे तिच्या नेहमीच्या बाया रोवत होत्या. शेजारच्या काकू मुलासाठी कारंज्याला मुलगी पाहून आल्या होत्या आणि तीच हकीकत रंगली होती.

काकूंनी तिकडून टोमणा मारला, "काऊन वं, मशीनवाली झाली तं आता बोलत बी नाईस?"

आई मला हळूच म्हणाली, "मशीन चांगली हाय बाई. पण लय खडखड करते, मले काई आयकू येत नाई. उद्या हातानंच रोवीन मी."

त्याच संध्याकाळी मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चेन जिथे पत्र्यावर आपटायची तिथे बसवल्या. प्रकल्पाच्या सरांना फोनवर हे सांगताना संकोच वाटला. प्रकल्पात आवाजाचा विचार मी कुठेच केला नव्हता. सर हसले आणि म्हणाले, कारणही लिही, जसं घडलं तसंच.

दुसऱ्या दिवशी पाळीप्रमाणे बाया आमच्या बांधीत आल्या. यंत्रानं सोडलेल्या रिकाम्या जागा त्या हातानं भरत होत्या. आई दांडा दाबत मागे सरकत होती, त्यामुळे सगळ्या तिच्या समोरच. आता चिखलाच्या चुबूक आवाजापलीकडे यंत्राचा काही आवाज नव्हता.

"हाव, मंग?" आईनं विचारलं. "पोरगी चहा घेऊन आली. पुढं?"

"पुढं काय," काकू म्हणाल्या, "तिनंच आमच्या पोराले इचारलं, रोवणी येते का तुमाले?"

बाया हसून हसून चिखलात टेकल्या. आईही हसत होती, पण दांडा काही थांबला नाही.