दोरी तळाला बसली पाहिजे!

तलावात गाळ साचतो तसे आमच्या रविवारच्या गळवाल्यांचे किस्से साचतात. फरक एवढाच, की गाळ उपसण्याची योजना निदान कागदावर तरी असते!

आम्ही चौघं नागभीडजवळच्या एका जुन्या मालगुजारी तलावावर बसतो, मच्छीमार सोसायटीची परवानगी काढून. शास्त्र सोपं आहे. रोहू तळावरचं आमिष टिपतो. पाण्यात ताणलेली दोरी अंगाला लागली, की पळतो. म्हणून गळाजवळची दोरी तळाला चिकटून बसली पाहिजे. या एका वाक्यापायी आमच्या सहा वर्षांच्या सुट्ट्या बुडाल्या.

*

डोमाभाऊंचं गॅरेज आहे. त्यांनी दोरीला वजन म्हणून जुने स्पार्क प्लग बांधले, तेही चार! गरागरा फिरवून अशी फेकली, की दोरी तुटली आणि प्लग थेट घाटावर कपडे धुणाऱ्या बाईच्या बादलीत.

डोमाभाऊ इकडून ओरडले, "बाई, प्लग द्या जी!"

बाईनं शांतपणे विचारलं, "गाडी कुठी पडली, भाऊ?"

*

इंजिनिअर साहेबांचं सगळं ऑनलाइन. व्हिडिओ पाहून त्यांनी दोरी दाबायची खास परदेशी शिशाची वजनं मागवली, मासा लागला की वाजणारा अलार्मसुद्धा. व्हिडिओतल्या तलावाचा तळ खडीचा. आमच्या तलावात गुडघाभर चिखल! शिसं गेलं चिखलात, पाठोपाठ गळ, आमिष, सगळं. साहेब तीन तास अलार्मकडे कान लावून बसले.

सोसायटीतले म्हातारे कवडूभाऊ डोंगा काठाला लावता लावता थांबले. "साहेब, तुमी मासे पकडून राह्यले का धानाची रोवणी करून राह्यले?"

*

वसंतभाऊ आणि मी एकाच ऑफिसात. त्यांनी ऑफिसातल्या मोठ्या साहेबांच्या टेबलावरचा पितळी पेपरवेट दोरीला बांधला. तो तळाला बसला तो बसलाच. सोमवारी पंखा लागला आणि साहेबांचे कागद खोलीभर.

"पेपरवेट कुठे आहे?"

"तलावात, सर."

"आणि या फायलींचं काय?"

"त्या तशाबी हालत नाई, सर!"

*

याच वसंतभाऊंना सहा वर्षांत एकही मासा लागला नव्हता. घरी रिकाम्या हातानं जायची लाज. म्हणून दर रविवारी बाजारातून चांगला मोठा रोहू घ्यायचे, त्याच्या ओठाला गळ टोचायचे आणि 'मी पकडला' म्हणून सुलोचनावहिनींच्या हाती द्यायचे. वहिनी मुकाट्यानं रस्सा करायच्या. आम्हीही खोटी साक्ष द्यायचो. रस्सा आमच्याही वाट्याला यायचा ना! पण एकदा तरी आपल्या गळाचा मासा तिच्या हातात द्यावा, हे त्यांच्या फार मनात होतं.

गेल्या रविवारी त्यांनी शेवटी कवडूभाऊंचे पाय धरले. कवडूभाऊंनी काठची चिकट माती मळली, दोरीवर हातभर अंतरानं लिंबाएवढे गोळे दाबले आणि डोंग्यातून नेऊन दोरी हळूच पाण्यात सोडली. "तलावाची माती तलावात. मासा काऊन भिईन?"

अर्ध्या तासात दोरीला ओढ बसली. वीतभर रोहू! वसंतभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, माझ्याही आलं, आणि टोमणा मारायचा राहूनच गेला.

चौघंही वरात काढल्यासारखे त्यांच्या घरी गेलो. वसंतभाऊंनी दोन्ही हातांनी मासा पुढे केला. "सुलोचना, मी पकडला!"

वहिनींनी त्या वीतभर माशाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"काऊन जी, आज बाजार बंद होता?"