अर्धी वाळलेली माती

आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला यातलं अर्धं माहीत आहे, तेही तिला ठाऊक नाही की ते अर्धं आहे. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या दुकानात कधी आला नसाल म्हणून असेल. किंवा माझं वय आता पंचावन्नच्या पुढं गेलंय, आणि एकच खोटं इतकी वर्षं सांगत राहिलं की ते खोटंसुद्धा म्हातारं होतं — चालताना खोकायला लागतं.

पैठण रस्त्याला माझं टायरचं दुकान आहे. दारावर पाटी आहे: 'तुमची माती आणा, तुमचा टायर न्या.' लोक खरंच आणतात. कुणी कॅरीबॅगमधून, कुणी जेवणाच्या डब्यातून. एकानं तर बायकोच्या मसाल्याच्या डब्यातून आणली होती आणि मातीला जिऱ्याचा वास येत होता. पाचोडच्या बाजारात मला 'मातीवाले शेठ' म्हणतात. नाव ऐकून आधी हसू यायचं. आता — नको, क्रमानं सांगतो.

तुमच्याकडं पिकअप नसेल तर हे सगळं कशासाठी, असं वाटेल. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना जोर फक्त मागच्या दोन चाकांना असतो. गाडी रिकामी असली की मागची बाजू हलकी, आणि नेमकी तीच बाजू गाडी ढकलणार. त्यात आपला माणूस सकाळी काळ्या रानातल्या गाडवाटेनं निघतो, तासाभरात डांबरी सडकेवर येतो, दुपारी एखादा ओला घाट चढतो. सरळ रेघांच्या नक्षीचा, लाइनचा टायर सडकेवर गुळगुळीत पळतो, पण रानात त्याच्या खाचा चिखलानं बुजतात आणि चाक जागच्या जागी फिरतं. मोठ्या बटणांचा टायर चिखल उडवतो, पण सडकेवर घरघरतो, लवकर झिजतो, आणि ओल्या वळणावर त्याचा भरवसा नाही. मग बाराही महिने चालणारा मधला टायर कोणता? प्रत्येक कंपनी सांगते, आमचा. पण पाचोडची माती वेगळी, खुलताबादच्या डोंगराखालची वेगळी. टायरच्या बाजूवर छापलेल्या अक्षरांत मातीचं नाव कुठं असतं?

म्हणून माती लावून बघायची. गिऱ्हाइकाची माती, दोनतीन टायरांच्या नक्षीत दाबून भरायची, मग तळहातानं फटका मारायचा. जो टायर माती टाकतो तो घ्यायचा. इतकं साधं. इतकं शहाणपणाचं, की ऐकणारा हमखास विचारतो — शेठ, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

मी सांगतो, वडिलांनी.

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. निवृत्त होईपर्यंत सायकलवर गेले. चिखलाशी त्यांचा संबंध म्हणजे पावसाळ्यात दाराशी चपला पुसणं. मग त्यांचंच नाव का घेतलं? वारलेल्या बापाची उलटतपासणी कुणी घेत नाही, एवढंच कारण. जिनं खरं शिकवलं तिचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं, असंही मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण ते नाव बिलावर मीच माझ्या हातानं लिहिलं होतं.

बावीस वर्षं झाली. पावसाळा तोंडावर आलेला. एक जुनी पिकअप दुकानासमोर थांबली. चालवणारा आतच बसलेला, आणि शेजारून उतरली चाळिशीतली एक बाई. पायात पुरुषी रबरी बूट, हातात जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा, झाकणाला सुतळी. पाचोडकडची, मेंढरं राखणारं घर. चालवणारा तिचा दीर. मेंढरं चालत जायची; गाडीत कोकरं, लंगडणाऱ्या मेंढ्या आणि चुलीचं सामान. पावसाळ्यात कळप खुलताबादच्या डोंगराकडं न्यायचे. आदल्या साली रानातून निघताना गाडी रुतली, दिवसभर निघाली नाही, आणि मागं कोंडलेली कोकरं पावसात गारठून गेली. किती गेली ते तिनं सांगितलं नाही. 'गेली' एवढंच म्हणाली, आणि डब्याची सुतळी सोडली. आत चिखल होता.

सलीमभाई तेव्हा माझ्याकडं टायर बसवायचा. तो म्हणाला, "अम्मा मिट्टी लाई है, टायर को खिलाने." मी हसलो. नुसता हसलो नाही — दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मावशी, इथं टायर मिळतात. मडकी नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. डब्यात बोटं घालत म्हणाली, "मडकंबी मातीला इचारूनच घडतंय की भाऊ."

तिनं तीन टायर आडवे पाडायला लावले. लाइनचा, बटणाचा, आणि एक मधला. तिन्हींच्या खाचांत अंगठ्यानं चिखल दाबून भरला — घाई नाही, एखादी बाई लेकराला तेल लावते तशी. मग पदराला हात न लावता, हात तसेच पुढं धरून, ती दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. बसूनच राहिली. मी अर्धा तास वाट पाहिली. मग वाटलं, ही बाई दुपार खाणार. मी पुंडलिकनगरला घरी जेवायला गेलो. ताटावर बसून बायकोला तिची नक्कल करून दाखवली. बायको हसली. वरण आणखी वाढून घेतलं, हेही आठवतंय.

परत आलो तेव्हा तिनं मधला टायर निवडून जोडी घेतलीही होती; मी फक्त बिल लिहिलं. सगळेजण नवे टायर पुढं टाकतात. तिनं ते मागं बसवून घेतले. जोर मागं आहे तर नवं पुढं कशाला, असं म्हणाली म्हणे. ती गेल्यावर सलीमभाईनं सांगितलं, "तीनों को थप्पड मारी सेठ, जिसने मिट्टी छोड दी वो ले गई." ती पायरीवर दोन तास बसली होती. का बसली होती? — हा प्रश्न मी विचारला नाही. त्यानंही सांगितलं नाही. मला तर गोष्टीतला फक्त फटका आवडला होता.

त्या पावसाळ्यात तिचा दीर हवा तपासायला आला. बडबड्या नव्हता, पण त्या दिवशी बोलला. गाडी एकदाही रुतली नव्हती. उलट दुसऱ्यांच्या दोन गाड्या त्यांनीच ओढून काढल्या. खुलताबादचा घाट भर पावसात उतरले, मागची बाजू जागची हलली नाही. तो गेल्यावर मी त्या मधल्या टायरच्या नक्षीकडं कितीतरी वेळ बघत उभा राहिलो. मी तेव्हा अकरा वर्षं टायर विकत होतो. माझ्याकडं तक्ते होते, कंपनीची पुस्तकं होती, आणि एका बाईनं सगळ्या पुस्तकांना वळसा घालून रानालाच दुकानात आणलं होतं. मला आदर वाटला. आजही वाटतो. त्या आदराचं मी काय केलं, तेच सांगायला बसलोय.

पुढं एक गिऱ्हाईक दोन टायरांत अडकलं. मी त्याच्या मडगार्डखालची माती खरवडली, भिजवली, भरली, लगेच फटका मारला. तो थक्क झाला. कुणी शिकवलं? — आणि माझ्या तोंडून वडील निघाले. ठरवून नाही. पण दुसऱ्यांदा ठरवूनच निघाले. संध्याकाळी चहा पिताना सलीमभाईनं बशीतून वर बघत विचारलं, "सेठ, अब्बा ने कब सिखाया?" मी हसलो, तोही हसला. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. त्याचं ते न विचारणं मी मैत्री समजलो.

पाटी लागली. दुकान वाढलं. आणि अधूनमधून एखादा परत यायचा — शेठ, तुमच्या पद्धतीनं घेतला, तरी रुतलो. मी म्हणायचो हवा जास्त भरली असेल. लोड चुकला असेल. एकाला तर त्याच्या बायकोदेखत म्हणालो, "टायर बरोबर आहे, चालवणारा शिका." त्याचं तोंड उतरलं. तो टायर बरोबर नव्हता. मी ते ओळखायला हवं होतं, पण ज्याला पद्धत वडिलांनी दिलीय, तो चूक कुणाला विचारणार?

नऊ वर्षांनी ती परत आली.

मी एका बागायतदाराला तोच किस्सा सांगत होतो, रंगात आलो होतो. वडील कसे बांधावरून मुठीत माती आणायचे, असंही आता त्यात आलं होतं. बाकावर एक बाई येऊन बसली. शेजारी तिचा मुलगा, विशीतला, दगडू. मी बोलता बोलता खाली पाहिलं — रबरी बूट. मांडीवर जर्मनचा डबा, सुतळी नवी.

मी थांबू शकत होतो. तिथंच, वाक्याच्या मध्यात. आवाज चढवून किस्सा पुरा केला.

तिनं तो सगळा ऐकला. दगडू कौतुकानं माझ्याकडं बघत होता. त्या पहिल्या दिवशी तो नव्हता, आणि पोराला आई काय काय करते ते आपण तरी कुठं नीट पाहिलेलं असतं? तिची पाळी आल्यावर तिनं डबा माझ्यापुढं धरला. मी माती भरली आणि सवयीनं लगेच फटका मारायला हात उचलला. तिनं मनगट धरलं नाही, नुसता तळहात मध्ये आणला.

"वल्ली माती कोणताबी टायर टाकतोय, भाऊ. आर्धी वाळू द्या. वाळताना जो धरून बसतो, त्यो आपल्या कामाचा नाय."

बागायतदार माझ्याकडं बघू लागला, सलीमभाई जमिनीकडं. आणि मला ते दोन तास कळले — पायरी, पुढं धरलेले हात, माझं वरण. नऊ वर्षं मी अर्धीच चोरी करत होतो. उरलेली अर्धी माझ्या डोळ्यांसमोर वाळत होती आणि मी जेवायला गेलो होतो.

बागायतदारानं विचारलं, म्हणजे शेठच्या वडिलांचं चुकत होतं की काय? मी उत्तर द्यायच्या आत तीच बोलली.

"चुकलं नसंल. सांगायचं राहून गेलं असंल त्यांचं."

टोमणा होता का? मी त्या चेहऱ्यात किती वेळा शोधला, सापडला नाही. तिनं माझी अब्रू लेकराला आडोसा करतात तशी झाकली, सगळ्यांसमोर, काही न मागता. माझ्यापुढं दोन शब्द होते. तुमचंच आहे, एवढे दोन. मी म्हणालो, "हो. राहून गेलं असेल."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात बाक वाढवले. गिऱ्हाइकं माती वाळायची वाट बघत बसतात, आणि मी सांगतो — वडील म्हणायचे, अर्धी वाळू द्या. टायर आता चुकत नाहीत. गाड्या निघतात, कोकरं जगतात, पाचोडच्या बाजारात माझं नाव घेतात. तिनं दिलं ते पुरं होतं. मी तेही पुरंच घेतलं.

गेल्या श्रावणात दगडू एकटा आला. डबा तोच. आई हिवाळ्यात गेली, म्हणाला. शेवटपर्यंत कळपाबरोबर चालायची. मी माती भरली आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो. दोन तास. मी पावसाबद्दल बोललो, लोकरीबद्दल बोललो, त्याच्या पोरीच्या शाळेबद्दल विचारलं. माती वाळत होती. मध्येच तो म्हणाला, "आईला तुमच्या वडलांची पद्धत लई पटली होती, शेठ. घरी बी तसंच करायची." तिनं मुलालासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी मान हलवली. उठलो, टायरवर फटका मारला. मातीचा तुकडा अख्खा निघाला, खाच स्वच्छ. दगडू हसला, माझ्या पाया पडला, मी पडू दिलं.

तिचं नाव धुरपताबाई. पद्धत तिची होती. माझ्या वडिलांनी कधी मातीला हात लावला नाही.