ताकातला चुना

पोलादपूरहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने दासगावला आमच्या शाळेसमोर गाडी थांबवली आणि दारातूनच सांगितलं, "गुरुजी, कुडपणच्या तुमच्या वहिनी गेल्या." वर्गात पाढे चालले होते. मी ते थांबवले नाहीत... मुलं म्हणत राहिली आणि मी खुर्चीत बसून राहिलो. त्याला आता सव्वा महिना झाला.

इंदूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. डोक्यावर नाचणीचा भारा घेऊन कुडपणची चढण चढताना ही बाई मागच्यांची थट्टा करत जायची. पस्तिशी ओलांडली आणि त्याच वहिनी चार पावलांवर बसू लागल्या. हाडं दुखत, पोट साफ होत नसे, तांब्यामागून तांब्या पाणी पीत. दोनदा मुतखड्याने तळमळल्या. एकदा पायरीवरून घसरण्याचं निमित्त झालं आणि पाय मोडला. महाडला एका डॉक्टरांनी खड्याचं औषध दिलं, दुसऱ्यांनी प्लॅस्टर घातलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे पुढे वहिनी बोलेनाशा झाल्या, भिंतीकडे तोंड करून पडून राहत. माझी आईसुद्धा म्हणायची, "सोंगं हायत रे तिची. कामाचा कंटाळा, दुसरं काय नाय."

मला संताप यायचा. घरात शिकलेला मी एकटा, तेव्हा शहाणपणाही माझ्याकडेच! हाडं ठिसूळ म्हणजे चुना कमी, असं मी ठरवून टाकलं. दासगावच्या खाडीकाठी शिंपल्या भाजून चुना करतात. दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की पितळेच्या डबीत तो भरून मी कुडपण गाठायचो. गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज ताकातून, असा आमच्याकडचा जुना इलाज. मी दोन दाणे सांगितले. गुण येईना म्हणून तीन.

"तोंड भाजतं ओ भावोजी," वहिनी म्हणाल्या, "पन तुमी येवढा चढ चढून आनताव, तर घेते."

पुढच्या वर्षी ओली साडी पिळताना त्यांचं मनगट मोडलं. मग मात्र मी त्यांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी बोटांचे एक्स-रे फोटो पाहिले, तीनदा रक्त तपासलं आणि आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते त्या बघतात. वहिनींची एक ग्रंथी वाढली होती आणि हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओतत होती. मोडणारी हाडं, खडे, तहान, ती उदासीसुद्धा... सगळं त्या एका गाठीचं. "यांच्या रक्तात कॅल्शियम कमी नाही, फार जास्त आहे," डॉक्टर म्हणाले. "घरी चुना, कॅल्शियमच्या गोळ्या असं काही घेत होत्या का?"

वहिनींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"नाय डॉक्टर. काय पन नाय."

मी टेबलावरचे फोटो पाकिटात भरू लागलो.

ऑपरेशन झालं, बोराएवढी गाठ निघाली. दुसऱ्या दिवशी वहिनींच्या ओठांना मुंग्या आल्या, बोटं वाकडी होऊ लागली. उपाशी हाडं आता रक्तातलं कॅल्शियम ओढून घेत होती. नर्सने धावत येऊन शिरेतून कॅल्शियम दिलं. जरा बरं वाटल्यावर वहिनी खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी... आता आना तुमचा चुना." आणि हसल्या. कित्येक महिन्यांनी हसल्या. मी व्हरांड्यात जाऊन रडलो.

हाडं भरली. वहिनी पुन्हा शेतावर जाऊ लागल्या. पण मूत्रपिंडं आधीच खराब झाली होती, ती काही सुधारली नाहीत. सहा वर्षं काढली त्यांनी. त्या नासाडीत माझ्या चुन्याचा वाटा किती, की काहीच नाही, हे डॉक्टर सांगू शकले असते. मी विचारलंच नाही. उलट गावभर, गुरुजींनी मुंबईला नेली म्हणून इंदू वाचली, असं बोललं जायचं, आणि वहिनी मान डोलवायच्या. सहा वर्षांत एकदा तरी त्यांच्यापुढे हात जोडायला हवे होते. माझ्याने झालं नाही.

तेराव्यानंतर निघताना पुतणीने डबी हातात ठेवली. "आई म्हनायची, ही काकांची हाय, त्यांना परत द्या." चिंचेने घासून लख्ख केलेली. आत चुन्याचा कणही नव्हता.

ती आता माझ्या टेबलावर आहे. ते डॉक्टर कुठे असतील, हे वाचतील की नाही, ठाऊक नाही. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. हो डॉक्टर, चुना घेत होत्या. मी देत होतो.