टायरवरची पोपटी

आमच्या कासू गावचा हरेश डोलवीला कंपनीत आहे. शुगर निघाल्यापासून तो स्वतःची तब्येत आणि अख्खी पृथ्वी एकटाच सांभाळतो. घरात प्लॅस्टिकची पिशवी दिसली, की त्याच्या बायकोला, ऋतुजाला, भाषण ऐकावं लागतं.

यंदा त्याने आम्हाला 'ऑइल-फ्री पोपटी'ला बोलावलं. आता पोपटीत तेल घालतं कोण? मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरायच्या, मडकं पालथं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा, एवढंच आमचे आजे करत आले. पण शोध हरेशने लावला म्हटल्यावर आम्ही माना डोलावल्या. ताटंसुद्धा घरून नेली, कारण कागदी प्लेटांनी म्हणे झाडं मरतात.

मडकं पालथं ठेवून झालं आणि हरेशसाहेबांनी त्यावर मोटारसायकलचे दोन जुने टायर टाकून पेटवले.

"अरे, पेंढा नाय काय?" मी खोकत विचारलं.

"टायर कधी कुजत नाय, काका. त्याचा वापर झाला पायजे."

धुरात समोरची ऋतुजा दिसेनाशी झाली. हरेशला आमची काळजी होतीच. त्याने सगळ्यांना मास्क वाटले. कापडी, धुऊन परत वापरायचे. वापरून फेकायचे मास्क त्याला अजिबात खपत नाहीत.